विहिरीकाठचे सहा गुंठे: शेपू कधी टाकायचा, हे एका घराने कसं ठरवलं

पार्श्वभूमी

हे कुटुंब वर्धा जिल्ह्यातलं. नाव-गाव देत नाही. घरच्या कर्त्या बाईंना इथे नुसतं ताई म्हणतो. पाच एकर काळी भारी जमीन, त्यात कपाशी, तूर आणि सोयाबीन. विहीर आहे, पण पाणी मोजकं. फेब्रुवारी लागला की ते झपाट्याने खाली जातं. विहिरीच्या कडेचा सहा गुंठ्यांचा तुकडा ताईंनी भाजीपाल्यासाठी राखला आहे. मेथी, पालक, सांबार (म्हणजे कोथिंबीर), मुळा, थोडी वांगी. कपाशीच्या चुकाऱ्याची वाट न पाहता घरात दर आठवड्याला हाताशी येणारा पैसा हाच, त्यामुळे या सहा गुंठ्यांचं मोल पाच एकरांच्या हिशेबाने करू नये.

आठवडी बाजारात मेथी आणि सांबाराचे ढीग असतात. शेपू मात्र एखाददुसरीच आणते. मागणी कमी असली तरी पक्की असते. घरात बाळंतीण असली की शेपूची भाजी हवीच असते, आणि मूगडाळ घातलेला शेपू ज्यांना आवडतो ते तो शोधत येतात. बचत गटाच्या बैठकीत ताईंनी हे बोलून दाखवलं आणि तिथूनच या पिकाला सुरुवात झाली.

बियाणं तालुक्याच्या दुकानातून आणलं. पाकिटावर पेरणीचा हंगाम ‘वर्षभर’ असा छापलेला होता.

अडचण

नवरात्राच्या सुमारास पालेभाजी महाग असते. पावसाने मेथी-सांबार सडलेला असतो आणि नवीन माल अजून यायचा असतो. ताईंनी हिशेब केला की घटस्थापनेला शेपू टाकला तर दिवाळीच्या आगेमागे जुड्या बाजारात जातील. दोन गुंठ्यांत वाफे केले, बी फोकलं (हाताने विस्कटून टाकलं), पाटाने पाणी सोडलं. दहा-बारा दिवस काहीच दिसलं नाही. नंतर कुठे चार काड्या, कुठे सहा. मोकळ्या जागी पुन्हा बी टाकलं, पण तेही तसंच गेलं. उगवलं होतं त्यातलं निम्मं जमिनीलगत नरम पडून कोलमडलं.

शेजाऱ्यांनी सांगितलं, बी खराब आहे. ताई पाकीट घेऊन दुकानात गेल्या, तिथे बोलाचाली झाली, आणि दुकानदाराशी असलेले चांगले संबंध बिघडले.

मग मुलाने मोबाइलवर एक व्हिडिओ शोधून काढला. थंडी पूर्ण सरू द्या, हिम पडायचं थांबलं की उघड्यावर शेपू पेरा, असा त्यातला सल्ला. घरच्यांनी तो आपल्याकडे लावला. थंडी सरते जानेवारीअखेर, तेव्हा त्या सुमाराला पेरणी केली. या वेळी उगवण बरी झाली, वाफा हिरवा दिसू लागला. पण मार्चच्या मध्यापर्यंत झाडं वीतभर होती-नव्हती तोच मधला दांडा वर निघाला आणि पिवळ्या फुलांची छत्री दिसू लागली. पानं विरळ, दांडे चिवट. बाजारात गिऱ्हाइकाने जुडी हातात घेऊन परत ठेवली.

बियाण्याचा खर्च फारसा नव्हता. पण ऐन हंगामात जागा अडली, विहिरीचं पाणी गेलं, आणि नवरात्र ते होळी या काळात सहापैकी दोन गुंठ्यांनी घराला काही दिलं नाही.

कारणाचा शोध

पुढच्या भादव्यात ताईंनी पुन्हा शेपूचा विषय काढला तेव्हा घरात कुणाला उत्साह नव्हता. बचत गटांच्या कामानिमित्त माझं त्या गावात जाणं-येणं असतं. त्या बैठकीत मी इतकंच सुचवलं की आधी बी खराब होतं की वेळ, हे वेगळं करून पाहू. कारण बी खराब निघालं तर दुकान बदलायचं, वेळ चुकली असेल तर दुकान बदलूनही काही होणार नाही.

विदर्भातल्या शेतकऱ्याला उगवणशक्ती तपासणं नवीन नाही. सोयाबीन पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि किती फुटले ते मोजायचं, हे कृषी खात्याचे लोक दर उन्हाळ्यात सांगतात. ताईंनी तेच शेपूला केलं, फक्त दोन गुंडाळ्या केल्या. उरलेल्या पाकिटातले शंभर दाणे एका गोणपाटात आणि शंभर दुसऱ्यात. एक गुंडाळी स्वयंपाकघरात माठाच्या तिवईखाली ठेवली, दुसरी टिनाच्या खोलीत, जिथे दुपारी उभं राहवत नाही. दोन्हीला पाणी सारखंच.

दोन आठवड्यांनी माठाजवळच्या गुंडाळीत साठाच्या वर दाणे फुटले होते. टिनाच्या खोलीत वीसही नाहीत. बी तेच, पाणी तेवढंच. फरक फक्त उष्णतेचा होता.

मला या प्रकरणात सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. एक रुपयाही न घालता, घरातल्या दोन कोपऱ्यांनी उत्तर दिलं. शेपू हे धने, ओवा, जिरे, गाजर यांच्याच कुळातलं पीक. ही सगळी मंडळी उगवायला सावकाश. शेपूला जमीन साधारण १५ ते २१ अंश सेल्सिअस असली की आठवड्या-दोन आठवड्यांत उगवण होते. जमीन तापलेली असली तर दाणा ओला होऊनही तसाच पडून राहतो, आणि भारी जमिनीत पडून राहिलेला ओला दाणा कुजतो.

मग जमीन किती तापते हे बघायचं ठरलं. मुलाने कॉलेजमधून काचेचा साधा तापमापक काही दिवसांसाठी आणला. दोन बोटं खोल भोक करून दुपारी दोन वाजता आणि सकाळी सात वाजता नोंद घ्यायची, असं ठरलं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दुपारी हवेचं तापमान ३३-३४ अंश होतं, तेव्हा उघड्या काळ्या मातीत पारा ३७ पर्यंत गेला. त्याच वाफ्याच्या एका कोपऱ्यावर तुराट्या पसरल्या होत्या, तिथे २९. पाऊस उघडून ऊन पडलं की काळी माती हवेहूनही जास्त तापते, हे शेतात अनवाणी चालणाऱ्याला ठाऊक असतं. आकड्यात मात्र ते घरात पहिल्यांदाच उतरलं.

राहिली जानेवारीतली पेरणी. ती उगवली, मग फुलावर का गेली? दिवस मोठा होऊ लागला आणि ऊन वाढलं की शेपू पानं सोडून फुलाकडे वळतो. आपल्या भागात २१-२२ डिसेंबरच्या आसपास दिवस सगळ्यात लहान, पावणेअकरा तासांच्या जवळपास असतो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तो बारा तासांचा होतो, जूनमध्ये साडेतेराच्या जवळ जातो. शिवाय फेब्रुवारी संपता संपता वर्ध्यात दुपार पस्तिशीला टेकते आणि मार्चअखेर चाळिशीकडे सरकते. जानेवारीअखेर टाकलेल्या रोपाची पानं वाढायची वेळ नेमकी या चढत्या उन्हात आली. पान धरायला उसंतच मिळाली नाही.

व्हिडिओतला सल्ला त्याच्या मुलखात बरोबर होता. तिथे हिवाळ्यात जमीन गोठते. वसंतात ती पंधरा अंशांवर येते तेव्हा पेरायचं, आणि उन्हाळा सौम्य असल्यामुळे पान मिळतं. तिथेही दिवस मोठा असल्याने शेपू फुलावर जातोच, म्हणून ते लोक दर दोन-तीन आठवड्यांनी थोडं थोडं पेरत राहतात. आपल्याकडे शेपूला अडवते ती थंडी नव्हे, ऊन. त्यांच्या वसंतासारखी जमीन आपल्याला कार्तिकात मिळते. सल्ला उलटा करून घ्यायला हवा होता: थंडी कधी सरते हे न विचारता ऊन कधी उतरतं आणि पुन्हा कधी चढतं, ते विचारायचं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय पावसाळ्यातला. मृगाच्या पावसावर शेपू टाकला तर श्रावणात भाव चांगला मिळतो. पण या वावरात पाऊस लागून राहिला की चार-चार दिवस वाफसा, म्हणजे काम करण्याजोगी ओल, येत नाही. रोप पिवळं पडतं, निंदणीला पाय घालता येत नाही. हा पर्याय लगेच बाजूला पडला. धुऱ्याकडच्या (बांधालगतच्या) मुरमाड पट्टीचा विचार तेव्हा कुणी केला नाही, त्याबद्दल पुढे.

दुसरा पर्याय पुन्हा नवरात्रातच पेरायचा, पण झाकून. ताईंचा जीव याच पर्यायात होता, कारण भाव तेव्हाच असतो.

तिसरा पर्याय सासूबाईंचा. त्यांचं म्हणणं एका वाक्यात होतं: ‘‘भुई अजून तापून हाये वं माय, पहाटे धुऱ्याच्या गवतावर दव पडू दे, मंग टाक.’’ म्हणजे पेरणी साधारण ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून पुढे.

चौथा पर्याय मुलाचा. हिरवी शेडनेट बांधून फेब्रुवारी-मार्चमध्ये शेपू घ्यायचा. नेट, बांबू, तार यांचा खर्च काढल्यावर सहा गुंठ्यांच्या भाजीतून तो सुटेल असं कुणालाच वाटलं नाही. शिवाय नेटने ऊन कमी होतं, दिवसाची लांबी कमी होत नाही. आणि फेब्रुवारीनंतर विहिरीला पाणी तरी कुठे?

पाचवा पर्याय पानांचा नाद सोडून बियांसाठी पीक घ्यायचा. बाळंतशोपेला, म्हणजे शेपूच्या बियांना, गावात आणि तालुक्याला गिऱ्हाईक आहे. पण हे पीक चार-पाच महिने जागा अडवतं. ताईंना आठवड्याचा पैसा हवा होता, म्हणून पूर्ण सहा गुंठ्यांसाठी हा पर्याय बाद. एखाद्या वाफ्यापुरता मात्र तो शिल्लक ठेवला.

निर्णय कसा झाला

चर्चेला खरं वळण लागलं ते पंचांगावरून. ताई म्हणत होत्या की त्यांच्या माहेरी नवरात्रात टाकलेला शेपू चांगला येत असे. तसं असेलही. पण नवरात्र दर वर्षी एकाच हवामानात येत नाही. २०२३ मध्ये घटस्थापना १५ ऑक्टोबरला होती, २०२४ मध्ये ३ ऑक्टोबरला आणि २०२५ मध्ये २२ सप्टेंबरला. अधिक मास आला की सण पुढे जातात आणि नंतर पुन्हा मागे येत राहतात. २२ सप्टेंबरला पाऊस परतलेलाही नसतो; १५ ऑक्टोबरला पहाटे गारवा लागतो. ‘नवरात्रात पेरा’ हे एखाद्या वर्षी अगदी योग्य ठरेल आणि दुसऱ्या वर्षी सपशेल चुकेल. सासूबाईंच्या दवाला सणाशी देणं-घेणं नव्हतं. दव पडायचं तर आभाळ निरभ्र आणि रात्र गार लागते, आणि अशा रात्रींनीच जमीन निवते.

दोन्ही टोकांकडून मोजायचं, असं मग ठरलं.

सुरुवातीचं टोक: दुपारी दोन वाजता दोन बोटं खोल मातीचं तापमान सलग चार दिवस ३० च्या खाली आलं पाहिजे. वहीतल्या नोंदी बघता उघड्या वाफ्यात हे २२ ऑक्टोबरच्या सुमाराला झालं. दवही त्याच आठवड्यात पडू लागलं. सासूबाईंनी तापमापक हातात घेऊन पाहिला, काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवसापासून सकाळची नोंद त्याच घ्यायला लावू लागल्या.

शेवटचं टोक: जुडी फेब्रुवारीच्या मध्यापूर्वी निघाली पाहिजे. गार हवेत शेपू पेरणीपासून ४० ते ४५ दिवसांत जुडीला येतो, पण डिसेंबर-जानेवारीत उगवण आणि वाढ दोन्ही मंदावतात, म्हणून ५५ दिवस धरले. १५ फेब्रुवारीतून ५५ दिवस मागे गेलं की २२ डिसेंबर येतो. त्यापुढे पानांसाठी पेरायचं नाही.

म्हणजे दोन महिन्यांची खिडकी मिळाली. ‘वर्षभर’ छापलेल्या पाकिटातून या वावरासाठी इतकाच काळ उरला, आणि तो पुरेसा होता.

तरी ताईंचा नवरात्राच्या भावाचा आग्रह राहिलाच. तो गैर नव्हता. धोका पत्करायचा तर किती जागेवर, एवढाच प्रश्न होता. एक गुंठा आधी, झाकून. बाकीचा शेपू दवानंतर. दोघींना हे पटलं. मुलाने मेघदूत या शेती-हवामानाच्या ॲपवरचा अंदाज पाहायचं काम स्वतःकडे घेतलं, कारण परतीच्या पावसाची खात्री कुणी देत नाही.

केलेलं काम

शेपूचं मूळ सोटासारखं खाली जातं, रोप उपटून लावलेलं त्याला मानवत नाही. म्हणून रोपवाटिका न करता थेट जागेवरच पेरणी केली. आदल्या वर्षी बी फोकून वखराच्या पासेने मिसळलं होतं, ते कुठे खोल गेलं, कुठे उघडं राहिलं. या वर्षी वाफ्यावर वीतभर अंतराने बोटाने रेघा ओढल्या, रात्रभर भिजवून सावलीत कोरडं केलेलं बी रेघेत सोडलं आणि वर चाळलेलं शेणखत जेमतेम अर्धा सेंटीमीटर भुरभुरलं. भारी काळ्या मातीने बी झाकलं तर पाणी सुकल्यावर वर पापुद्रा धरतो आणि नाजूक कोंब त्याखालीच वाकतो. शेणखताने ते टळलं.

पहिलं पाणी पाटाने न देता झारीने दिलं. पंपाची वीज रात्रीची असली की टाकी भरून ठेवायची आणि सकाळी झारी मारायची. मेहनत जास्त, पण उगवेपर्यंतचे दहा-बारा दिवसच ती करायची होती.

पाच टप्पे झाले. ३ ऑक्टोबरला एक गुंठा तुराट्या आणि गोणपाटाखाली. २४ ऑक्टोबरला, १२ नोव्हेंबरला, ३ डिसेंबरला आणि २२ डिसेंबरला प्रत्येकी एकेक गुंठा, उघड्यावर. सहाव्या गुंठ्यात मेथी-सांबार चालू ठेवला, कारण सगळी जागा एका पिकाला देणं घराला परवडणारं नव्हतं.

डिसेंबरात आणखी एकदा थांबून विचार करावा लागला. थंडीची लाट येणार असा अंदाज आला आणि गावात २९ डिसेंबर २०१८ ची आठवण निघाली. त्या दिवशी नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. शेवटचा टप्पा टाकायचा की नाही? शेपू हलकी थंडी सोसतो, त्याला भाजते ती पानावर हिम धरण्याइतकी थंडी. तशी पाळी आपल्याकडे क्वचित येते. टप्पा टाकायचा आणि लाटेच्या दिवसांत संध्याकाळी हलकं पाणी द्यायचं असं ठरलं, कारण ओली जमीन रात्रीत कोरडीइतकी गार पडत नाही. माझ्या मते हा निर्णय योग्य होता, जरी त्या टप्प्याचा निकाल कच्चा लागला.

काय निघालं

पहिला टप्पा अर्धामुर्धा आला. झाकणामुळे उगवण आदल्या वर्षीपेक्षा पुष्कळ बरी होती. पण उगवून आल्यावर तुराट्या दोन दिवस उशिरा उचलल्या गेल्या. कपाशीचा पहिला वेचा चालू होता आणि घरात कुणी मोकळं नव्हतं. रोपं लांबट, फिकट झाली. त्यावर परतीच्या पावसाची एक जोरदार सर आली आणि त्यातली बरीच आडवी झाली. तरी जेवढ्या जुड्या निघाल्या त्यांना डिसेंबरातल्या जुडीच्या दुपटीहून जास्त भाव मिळाला. ताई म्हणतात गुंठा फिटला. सासूबाई म्हणतात मेहनत धरली तर नाही. वही पाहिली तर दोघींचंही थोडंथोडं खरं आहे.

दुसरा टप्पा आठव्या-नवव्या दिवशी रेघेत उभा राहिला. तिसरा सगळ्यात सरस. दाट, गडद, रसरशीत पान, वास असा की बाजारात ओटा शोधावा लागत नव्हता. तो मुळासकट न उपटता वरून कापून घेतला, तेव्हा हलकी दुसरी फूटही मिळाली.

चौथा टप्पा उगवायला अडीच आठवडे लागले. ताई घाबरल्या, पुन्हा बी टाकायला निघाल्या होत्या. या वेळी सासूबाईंनी थांबवलं: ‘‘थंडीत तेही आखडूनच रायते, निंघन.’’ निघालंही. गारठ्यात उगवण लांबते, दाणा मरत नाही. उन्हात उगवण लांबते तेव्हा तो बहुधा मरतो. दोन्ही वेळी वाफा सारखाच रिकामा दिसतो, पण एकात वाट पाहायची असते आणि दुसऱ्यात नाही. हा फरक कळायला तापमापकाची वही उपयोगी पडली.

पाचव्या टप्प्यात निम्म्या जुड्या निघाल्या. बाकी फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात दांड्यावर आलं. त्यातच एका रात्री रोह्यांचा (नीलगायींचा) कळप वाफे तुडवून गेला.

चुकलं ते बाजाराच्या बाजूने. शेपूला जे दिवस मानवतात तेच मेथी, पालक, सांबार सगळ्यांना मानवतात. डिसेंबरात बाजार हिरवागार होतो आणि भाव पडतो. तिसऱ्या टप्प्याचा उत्तम माल दोन बाजारांत मातीमोल गेला. तेव्हा चौथ्या टप्प्याचं काय करायचं हा प्रश्न आला. कोवळाच उपटून लहान जुड्या करायच्या, थांबायचं, की बियांवर सोडायचा? अर्धा गुंठा पानांसाठी काढला, अर्धा सोडून दिला. मार्चमध्ये त्यावर मावा पडला, मागोमाग तो खाणारे ढालकिडेही आले. मधमाश्या दिवसभर असायच्या. फवारणी केली नाही. छत्र्या एकदम पिकत नाहीत, म्हणून मधल्या छत्र्या तपकिरी झाल्यावर पहाटेच्या ओलाव्यात कापल्या; दुपारी कापल्या असत्या तर निम्मं बी जमिनीवर सांडलं असतं. पुढच्या हंगामाचं बियाणं घरचं झालं आणि थोडी बाळंतशोप बचत गटातून विकली गेली.

वेगळं काय करता आलं असतं

उगवणशक्तीची तपासणी पहिल्याच वर्षी व्हायला हवी होती. तेव्हा झाली असती तर दुकानदाराशी बिनसलं नसतं आणि जानेवारीची पेरणीही कदाचित टळली असती. दुकानातल्या त्या बोलाचालीची भरपाई अजून झालेली नाही.

टप्प्यांतलं अंतर जास्त होतं. बाजार दर आठवड्याला भरतो आणि माल तीन आठवड्यांनी एकदम येतो, हे गणित जुळत नाही. एकेक गुंठा दर वीस दिवसांनी टाकण्याऐवजी अर्धा गुंठा दर दहा दिवसांनी टाकला असता तर पडलेल्या भावाचा फटका विभागला गेला असता. मला हा या आखणीतला सगळ्यात मोठा दोष वाटतो. हवामानाकडे इतकं बारीक लक्ष दिलं गेलं की बाजाराची चौकशी राहून गेली, आणि ती चौकशी तर शेजारच्या ओट्यावर करता आली असती.

झाकण उचलायला माणूस ठरलेला नव्हता. पहिला कोंब दिसला त्या संध्याकाळीच तुराट्या निघायला हव्यात. कापूस वेचणीच्या दिवसांत हे कुणाच्या तरी नावावर टाकल्याशिवाय होत नाही.

तापमापक एकाच जागी होता. विहिरीच्या बाजूचा वाफा सावलीत येतो, पलीकडचा नाही. दोन ठिकाणी नोंद घेतली असती तर सावलीच्या वाफ्यात आठवडाभर आधी पेरता आलं असतं, तेही झाकणाशिवाय.

आणि धुऱ्याकडची मुरमाड पट्टी. तिथे पाणी थांबत नाही, वाफसा लवकर येतो. श्रावणातला शेपू या वावरात कुठे जमलाच तर तिथे जमेल. निदान दोन ओळी टाकून बघायला हरकत नव्हती.

दुसऱ्या भागात या तारखा लावताना

वर दिलेल्या तारखा एका वावराच्या आहेत. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर आहे. मेळघाटातल्या अशा उंच गावांत जमीन आधी निवते आणि ऊन उशिरा चढतं, त्यामुळे खिडकी दोन्हीकडून रुंद होते. बुलडाण्याच्या घाटावरही काहीसं तसंच. चंद्रपूरकडे उलट, तिथे फेब्रुवारीतलं टोक आधी येतं, शेवटची पेरणी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच उरकलेली बरी. भंडारा-गोंदियाकडे धान निघेपर्यंत बांधी (धानाचं खाचर) मोकळी होत नाही आणि नंतरही ओल राहते, म्हणून तिथे उष्णतेपेक्षा वाफशाकडे बघून दिवस ठरवावा लागेल. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात प्रश्न आणखी वेगळा. विहिरीचं पाणी खारं असेल तर कोवळ्या उगवणीला तेच आधी मारतं. तिथे शेततळ्यात साठवलेलं पावसाचं पाणी निदान उगवेपर्यंत तरी वापरावं.

दोन्ही टोकांकडून मोजायची रीत मात्र सगळीकडे चालेल. तापमापक नसला तरी माठाखालची आणि टिनाखालची गुंडाळी कुणालाही करता येते.

येत्या हंगामाची आखणी

शेवटचा, २२ डिसेंबरचा टप्पा कुटुंबाने रद्द केला आहे. त्या जागेत मुळा जाईल. पेरणी घरच्या बियाण्याची, अर्धा-अर्धा गुंठा, २० ऑक्टोबरपासून दर दहा दिवसांनी, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. गटातल्या दुसऱ्या दोघी त्याच दिवसांत मेथी न टाकता आठवडाभर मागे-पुढे टाकणार आहेत, म्हणजे तिघींचा माल एकाच बाजारी आदळणार नाही. मुरमाड पट्टीत पोळ्याच्या आधी दोन ओळी टाकून पाहायच्या आहेत. नवरात्रातल्या झाकलेल्या गुंठ्याबद्दल ताई आणि सासूबाईंचं अजून जुळलेलं नाही. ताईंना तो हवा आहे, सासूबाईंना नको. या वर्षीची घटस्थापना कोणत्या तारखेला येते आणि तोवर पाऊस परततो का, ते पाहून सप्टेंबरच्या शेवटी ठरवायचं म्हणतात.